पासवर्ड बरोबर, तरी गेट बंद

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबले, आणि त्याच्या आगेमागे लहानमोठ्या कंपन्यांतले लॅपटॉप रांगेने विंडोज ११वर जाऊ लागले. पुणे-सातारा रस्त्यावरच्या किकवीसारख्या गावातला नोकरदार डोळ्यांसमोर आणा. तो एकतर सारोळ्याजवळ नीरा ओलांडून शिरवळच्या एमआयडीसीत कामाला जातो, नाहीतर खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकून पुणं गाठतो. लॅपटॉप त्याच्यासोबत घरी येतो. शनिवारी रात्री घरच्या वाय-फायवर अपग्रेड लावून दिलं की सकाळपर्यंत उरकलेलं असतं. रविवारभर सगळं सुरळीत चालतं, मेल उघडते, व्हिडिओ कॉल लागतो. सोमवारी कंपनीत मात्र वाय-फायचं चक्र थोडा वेळ फिरतं आणि खाली ओळ येते, या नेटवर्कशी जोडता येत नाही.

पुढचं बहुतेक ठरलेलं असतं. पासवर्ड पुन्हा टाकला जातो, मग बदलून घेतला जातो. त्या खटाटोपात चुकीचे प्रयत्न जास्त झाले तर खातंच लॉक होतं, म्हणजे एका दुखण्यावर दुसरं चढतं. कोणीतरी नेटवर्क ‘फर्गेट’ करायला सांगतं. दुपारपर्यंत निष्कर्ष निघतो की अपग्रेडने लॅपटॉप बिघडवला.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. अशा तक्रारींत लॅपटॉप बऱ्याचदा धडधाकट असतो. कंपनीच्या नेटवर्कमध्ये एखादी जुनी, कच्ची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली असते आणि नव्या सिस्टिमने ती चालवून घ्यायचं नाकारलेलं असतं. दुरुस्ती करायची ती त्या पद्धतीची. लॅपटॉपला पुन्हा ढिला करून काम भागवणं ही दुरुस्ती नव्हे, आणि का नव्हे ते पुढे येईलच.

आधी घरचं वाय-फाय आणि कंपनीचं वाय-फाय यांतला फरक बघू. घरी राउटर आणि लॅपटॉप या दोघांत एक सामायिक पासवर्ड असतो. तो जुळला की संपलं. कंपनीत यात तिसरा असतो. कारखान्याच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला कोणाला आत सोडायचं हे स्वतः ठरवत नाही. तो आत फोन लावतो, आतला माणूस रजिस्टर बघून हो किंवा नाही सांगतो, आणि मग दांडा वर जातो. छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट म्हणजे हा गेटवाला. रजिस्टर घेऊन आत बसलेला असतो तो रेडियस सर्व्हर. गेटवाल्याच्या या कामाच्या पद्धतीला ८०२.१एक्स म्हणतात. आयईईई या संस्थेने हे मानक २००१मध्ये मुळात तारेच्या नेटवर्कसाठी काढलं आणि वाय-फायने ते पुढे आपलंसं केलं.

लॅपटॉप आणि रेडियस सर्व्हर यांचं बोलणं ईएपी नावाच्या चौकटीत चालतं. आपल्याकडच्या कंपन्यांत त्याच्या दोन रीती सर्रास आढळतात. पहिल्या रीतीचं नाव पीप. तिच्यात सर्व्हर आधी स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतो, त्यावरून टीएलएसचा एक बंदिस्त बोगदा तयार होतो आणि त्या बोगद्यातून तुमचं नाव व पासवर्डाचा पुरावा एमएस-चॅप व्ही२ या पद्धतीने जातो. दुसरी रीत ईएपी-टीएलएस. तिच्यात पासवर्ड नसतोच. सर्व्हर जसं सर्टिफिकेट दाखवतो तसं लॅपटॉपही आपलं सर्टिफिकेट दाखवतो. दोन्ही रीतींत शेवटी या संवादातूनच एक गुप्त किल्ली निघते. ती सर्व्हर ॲक्सेस पॉइंटला देतो, लॅपटॉप स्वतः गणित करून काढतो, आणि दोन्ही किल्ल्या तंतोतंत जुळल्या तरच वाय-फाय सुरू होतं. ही किल्ली लक्षात ठेवा, कारण सगळ्यात चकवणारा बिघाड तिच्यातच लपतो.

पीप वापरणाऱ्या कंपन्यांना विंडोज ११च्या २२एच२ या आवृत्तीने धक्का दिला. सप्टेंबर २०२२मध्ये आलेल्या या आवृत्तीत, एंटरप्राइज आणि एज्युकेशन प्रकारांच्या पात्र मशीनवर, क्रेडेन्शियल गार्ड आपोआप चालू होऊ लागलं. हे गार्ड लॉगिनच्या वेळचे पासवर्डाचे अवशेष सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात कोंडून ठेवतं, म्हणजे एखादा व्हायरस आत शिरला तरी त्याला ते उचलता येत नाहीत. पण पीपच्या आत चालणाऱ्या एमएस-चॅप व्ही२ला नेमके तेच अवशेष लागतात. पूर्वी सकाळी लॅपटॉपमध्ये लॉगिन केलं की वाय-फाय त्याच ओळखीवर गुपचूप जोडलं जायचं. आता ती ओळख कप्प्याबाहेर येत नाही. मग नाव-पासवर्ड विचारणारी खिडकी पुन्हा पुन्हा उघडते, नाहीतर जोडणी नुसतीच फसते.

याची खूण ओळखता आली तर निम्मं काम झालं. एकाच कंपनीत, एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप, दोघांवर एकाच दिवशी अपग्रेड. प्रो आवृत्तीचा चालतो आणि एंटरप्राइजचा अडतो. असं चित्र दिसलं की गार्डवर संशय घ्यावा. खात्री करायला ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा. त्यात व्हर्च्युअलायझेशनवर आधारित सुरक्षेच्या ओळी आहेत. चालू असलेल्या सेवांत क्रेडेन्शियल गार्ड लिहिलेलं असेल आणि वाय-फाय लॉगिनच्या ओळखीवर जोडण्यासाठी लावलेलं असेल, तर कारण जवळपास सापडलंच. हे गार्ड धोरणातून बंद करता येतं, आणि घाईच्या दिवशी बरेच जण तेच करतात. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सल्ला मात्र सर्टिफिकेटच्या रीतीकडे वळण्याचा आहे. मलाही तोच पटतो.

आता त्या किल्लीकडे. नोव्हेंबर २०१५मध्ये विंडोज १०चं पहिलं मोठं अपडेट आलं. त्यात वाय-फायच्या ईएपीला टीएलएसची १.२ ही आवृत्ती बोलता येऊ लागली. सर्व्हर १.२ येतं म्हणाला की लॅपटॉपही तीच वापरायचा. काही रेडियस सर्व्हर १.२ येतं असं सांगत होते खरे, पण त्यांचं गणित अर्धंच नवं झालं होतं. झालं असं की टीएलएस १.२ने गुप्त किल्ल्या काढण्याचं सूत्रच बदललं. आधीच्या आवृत्त्यांत एमडी५ आणि शा-१ यांची जोडी वापरली जायची, १.२मध्ये शा-२५६ आलं. या सर्व्हरांनी बोगदा नव्या सूत्राने उभा केला, पण वाय-फायसाठीची शेवटची किल्ली जुन्याच सूत्राने काढली. फ्रीरेडियस या मोफत आणि फार वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरच्या तेव्हाच्या काही आवृत्त्या यात सापडल्या, आणि त्या एकट्या नव्हत्या.

परिणाम बघा. सर्टिफिकेट बरोबर, पासवर्ड बरोबर, सर्व्हरच्या नोंदवहीत स्वच्छ लिहिलेलं की या माणसाला प्रवेश दिला. सर्व्हर ॲक्सेस पॉइंटला किल्ली पाठवतो. लॅपटॉपने काढलेली किल्ली वेगळी निघते. ॲक्सेस पॉइंट आणि लॅपटॉप यांच्यात चार निरोपांची शेवटची देवाणघेवाण असते, तिथे हे उघडं पडतं आणि जोडणी तुटते. लॅपटॉप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. सर्व्हरकडे बघणारा म्हणतो, माझ्याकडून परवानगी गेली. लॅपटॉपकडे बघणारा म्हणतो, मला कोणी आत घेत नाही. दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी नोंदवहीत त्याच नावाने थोड्या थोड्या वेळाने ‘प्रवेश दिला, प्रवेश दिला’ अशी माळ दिसली, तर ती किल्ली न जुळण्याची ठळक खूण समजावी. उपाय एकच, सर्व्हरची आवृत्ती सुधारून घेणं.

हीच गोष्ट सात वर्षांनी पुन्हा घडली. विंडोज ११च्या २२एच२मध्ये ईएपी-टीएलएससाठी टीएलएस १.३ आपोआप चालू झालं. १.३मध्ये किल्ल्या काढण्याची रीत पुन्हा नवी आहे. शिवाय हस्तांदोलनाचा क्रम बदलल्यामुळे ‘माझ्याकडून आता आणखी काही बोलणं नाही’ हे सर्व्हरला बोगद्याच्या आतून वेगळं कळवावं लागतं. त्याचे नियम आरएफसी ९१९० या दस्तऐवजात फेब्रुवारी २०२२मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे विंडोजच्या त्या आवृत्तीच्या जेमतेम काही महिने आधी. पाच-सहा वर्षांपूर्वी कोणीतरी बसवून दिलेला आणि तेव्हापासून कोणी हात न लावलेला सर्व्हर हे नियम कसे पाळणार? लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत ईएपीचा क्रमांक १३ असलेल्या जागी टीएलएसची आवृत्ती १.२वर थांबवता येते. सर्व्हरच्या बाजूनेही कमाल आवृत्ती १.२ ठेवता येते. दोन्हींत सर्व्हरवरचा बदल बरा, कारण तो एका जागी होतो आणि नवा सर्व्हर आला की एका जागीच काढून टाकता येतो. शंभर लॅपटॉपांच्या रजिस्ट्रीत घातलेली पाचर नंतर कोणाच्या ध्यानात राहत नाही.

ईएपी-टीएलएस वापरणाऱ्यांचा आणखी एक घात अपग्रेडच्या तयारीतच होतो. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ती बायोसमध्ये बंद असेल तर चालू करावी लागते, आणि त्या खटपटीत कोणी ‘क्लिअर टीपीएम’ दाबलं तर चिपमध्ये ठेवलेली सर्टिफिकेटची खासगी किल्ली कायमची जाते. सर्टिफिकेट मात्र यादीत दिमाखात उभं असतं. नाव बरोबर, मुदत संपायला वर्ष बाकी. म्हणून नुसतं सर्टिफिकेट दिसतंय एवढ्यावर थांबू नये. ते उघडल्यावर पहिल्या पानाच्या तळाशी, मुदतीच्या तारखांखाली, चावीचं लहानसं चित्र आणि या सर्टिफिकेटशी जुळणारी खासगी किल्ली तुमच्याकडे आहे अशी ओळ असायला हवी. ती नसेल तर सर्टिफिकेट निरुपयोगी आहे, नवं घ्यावं लागेल. आणि ओळ असली तरी टीपीएम क्लिअर झाल्याचं माहीत असेल तर तिच्यावर विसंबू नये, नवंच घ्यावं. लॅपटॉपची तारीख-वेळही याच फेरीत बघून घ्यावी. घड्याळ मागे किंवा पुढे गेलं की चांगलं सर्टिफिकेटही ‘अजून सुरू झालेलं नाही’ किंवा ‘संपलेलं’ ठरतं.

क्वचित दोष खरोखरच अपडेटचा असतो, हेही मान्य केलं पाहिजे. डिसेंबर २०२३मध्ये विंडोज ११च्या एका अपडेटनंतर काही वाय-फाय ॲडॅप्टर ८०२.१एक्सच्या नेटवर्कांना जोडेनासे झाले. कंपन्या, शिक्षणसंस्था आणि सार्वजनिक वाय-फाय यांना याचा फटका बसण्याची शक्यता जास्त, घरच्या वाय-फायला नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आणि तो बदल दुरून मागे घेतला. ड्रायव्हरचंही तसंच. अपग्रेडमध्ये लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरच्या जागी कधीकधी दुसराच बसतो. बनवणाऱ्याच्या साइटवरून त्या मॉडेलचा ताजा ड्रायव्हर घालून बघणं हे सोपं काम आहे, ते उरकून घ्यावं.

मग शोधायला सुरुवात कुठून करायची? माझ्या मते लॅपटॉपपासून नव्हे, सर्व्हरच्या नोंदवहीपासून. विंडोज सर्व्हरवरच्या एनपीएस या रेडियस सेवेत प्रवेश दिल्याची नोंद ६२७२ क्रमांकाने आणि नाकारल्याची ६२७३ क्रमांकाने पडते. नाकारलेल्या नोंदीत कारणाचा क्रमांकही असतो. १६ असेल तर नाव-पासवर्ड जुळलेला नाही. २२ असेल तर लॅपटॉप ज्या रीतीने बोलतोय ती सर्व्हरवर लावलेली नाही. २६५ असेल तर सर्टिफिकेट ज्याने दिलं त्याच्यावर समोरच्याचा विश्वास नाही. नोंद प्रवेश दिल्याची आहे आणि तरी वाय-फाय नाही, म्हणजे किल्लीची भानगड. आणि त्या वेळची नोंदच नाही, म्हणजे बोलणं सर्व्हरपर्यंत पोचलं नाही किंवा लॅपटॉपनेच मधून अंग काढून घेतलं. या एका नजरेत निम्म्या शंका गळून पडतात. नोंदी ठेवणंच बंद असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते चालू करावं.

त्यानंतर लॅपटॉप. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा दिली की गेल्या तीन दिवसांतल्या वाय-फायच्या हालचालींचा तक्ता ब्राउजरमध्ये उघडता येतो. कधी जोडलं, कधी तुटलं, कोणत्या टप्प्यावर अडलं हे त्यात मिनिटासकट असतं. ही मिनिटं सर्व्हरच्या नोंदींशेजारी ठेवून वाचली की चित्र पुरं होतं. आयटीवाल्याला फोन करताना ‘वाय-फाय चालत नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावर प्रयत्न केला, हे सांगितलं तर त्याचा अर्धा तास वाचतो.

लॅनची केबल जवळ ठेवावी, हे मी प्रत्येकाला सांगेन. घरी अपग्रेड झालेला लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हरला कित्येक दिवस भेटलेला नसतो. नवी धोरणं, नवं वाय-फाय प्रोफाइल, नवं सर्टिफिकेट हे सगळं नेटवर्कमधूनच येतं, आणि नेटवर्कमध्ये जायला तेच लागतं. हा फास केबलने सुटतो. केबल लावायची, धोरणं ताजी करणारी ‘जीपीअपडेट’ ही आज्ञा चालवायची, मशीन पुन्हा सुरू करायचं, सर्टिफिकेट आलं का बघायचं, मग केबल काढून वाय-फाय लावायचं. पातळ लॅपटॉपांना केबलचं पोर्ट नसतं, म्हणून यूएसबीचा एक जोड आयटीच्या कपाटात असावाच. नेटवर्क ‘फर्गेट’ करण्याची घाई मात्र नको. हाताने बनवलेलं प्रोफाइल त्याने पुसलं जातं, आणि त्यात सर्व्हरचं नाव काय घातलं होतं, विश्वास कोणावर ठेवला होता, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

आता त्या उपायाबद्दल, ज्याची मला खरी धास्ती वाटते. प्रोफाइलमध्ये ‘सर्टिफिकेट तपासून सर्व्हरची ओळख पटवा’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यातली खूण काढली की अडलेले बरेच लॅपटॉप झटकन जोडले जातात. म्हणून हा सल्ला तोंडोतोंडी पसरतो. पण ही खूण काढली की लॅपटॉप समोरचा सर्व्हर खरा आहे का हे विचारतच नाही. कोणीही कंपनीच्या वाय-फायचंच नाव देऊन बाहेरच्या पार्किंगमध्ये एक ॲक्सेस पॉइंट चालू करावा आणि तुमच्या लॅपटॉपने त्याला आपणहून पासवर्डाचा पुरावा द्यावा, असं होतं. तो पुरावा एमएस-चॅप व्ही२चा असेल तर त्याची किंमत काय हे २०१२मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी डेफकॉन परिषदेत दाखवून दिलं. पासवर्ड कितीही लांब असो, ते कोडं शेवटी डीईएस या जुन्या कूटपद्धतीच्या एका ५६ बिटांच्या किल्लीएवढंच कठीण उरतं, आणि त्यासाठी बनवलेल्या यंत्रावर ते एका दिवसाच्या आत सुटतं. कंपनीत हाच पासवर्ड मेलला, फाइलींना, कधी पगाराच्या प्रणालीलाही चालतो.

त्यामुळे अपग्रेडनंतर पहिल्यांदा जोडताना ‘हे नेटवर्क याच जागी असेल अशी तुमची अपेक्षा आहे का’ अशी विचारणा आली, तर सवयीने ‘कनेक्ट’ दाबू नये. तिथे सर्टिफिकेटचा तपशील उघडता येतो. तो आयटीला वाचून दाखवावा आणि त्यांच्याकडच्या नोंदीशी जुळला तरच पुढे जावं. ही विचारणा मुळात यायलाच नको. प्रोफाइलमध्ये सर्व्हरचं नाव आणि विश्वासाचं मूळ सर्टिफिकेट आधीच भरलेलं असेल तर ती येत नाही.

फोनांचंही वारं याच दिशेला आहे. अँड्रॉइड ११च्या डिसेंबर २०२० अपडेटपासून पिक्सेल फोनांवर ‘तपासू नका’ हा पर्यायच गेला. ॲपलने २०१९मध्ये, आयओएस १३ आणि मॅकओएस १०.१५पासून, सर्व्हरच्या सर्टिफिकेटांवर अटी घातल्या. आरएसए किल्ली किमान २०४८ बिटांची हवी, सही शा-२ची हवी, सर्व्हरचं नाव ठरलेल्या जागीच हवं, आणि १ जुलै २०१९नंतर दिलेल्या सर्टिफिकेटची मुदत ८२५ दिवसांहून जास्त नको. कंपनीने स्वतःच दहा वर्षांच्या मुदतीचं सर्टिफिकेट बनवून ठेवलं असेल, तर मॅक वापरणाऱ्या डिझाइन विभागाची तक्रार कुठून येते हे यावरून कळावं.

शिरवळ काय किंवा वेळू-शिंदेवाडीचा पट्टा काय, तिथल्या अनेक छोट्या कारखान्यांत स्वतःचा आयटी माणूस नसतो. पुण्याचा एखादा कंत्राटदार येऊन जातो. अशा ठिकाणी मालकाने किंवा ॲडमिन बघणाऱ्या मॅडमनी कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारावेत, इतकं मला मनापासून वाटतं. रेडियस सर्व्हरची आवृत्ती कोणती आणि ती शेवटची कधी सुधारली? सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत कधी संपते? आपण पासवर्डावर आहोत की सर्टिफिकेटवर? उत्तरं कागदावर घ्यावीत. मग एकच लॅपटॉप अपग्रेड करून तो कंपनीच्याच वाय-फायवर आठवडाभर वापरावा. त्या आठवड्यात एकदा पासवर्ड बदलून बघावा आणि एकदा त्या मशीनवर कधीच न बसलेल्या माणसाला लॉगिन करायला लावावं. नव्या माणसाचं लॉगिन तपासायचं कारण असं की त्याची ओळख लॅपटॉपमध्ये साठवलेली नसते. लॉगिनच्या आधीच मशीन स्वतःच्या ओळखीवर वाय-फायला जोडलं गेलं नाही, तर तो बिचारा पहिल्या पडद्यावरच अडकतो.

सर्व्हर सुधारायचं ठरलं की गोदामातून हरकत येते, आणि ती रास्त असते. बारकोड वाचणारे हातातले स्कॅनर जुने असतात, त्यांना नवं टीएलएस येत नाही, आणि ते बंद पडले तर माल गाडीत चढत नाही. त्यांच्यासाठी सगळ्या कंपनीचं वाय-फाय जुन्या पातळीवर ठेवायची गरज नाही. बहुतेक ॲक्सेस पॉइंट एकाच वेळी अनेक नावांची नेटवर्कं चालवू शकतात. स्कॅनरांना वेगळं नाव द्यावं, त्या नावाला फक्त साठ्याचा सर्व्हर दिसेल अशी वाट आखावी, आणि नवे स्कॅनर घेताना खरेदीच्या कागदात टीएलएसची आवृत्ती लिहून मागावी.